गाडी अडते कुठे?

टेबलावर मांडलेली छोटी रेल्वे बंद पडली की पहिला संशय इंजिनावर जातो. मग इंजिन उघडलं जातं, मोटारीत तेल सोडलं जातं, कार्बन ब्रश घासले जातात आणि गाडी होती तिथेच उभी राहते. दोष बहुतेक वेळा रुळात असतो. चाक रुळाला टेकतं ती जागा, किंवा एक रूळ संपून दुसरा सुरू होतो तो जोड, या दोन ठिकाणी आधी पाहावं. या छंदातल्या तक्रारी नीट मांडून पाहिल्या तर निम्म्याहून जास्त तक्रारी याच दोन ठिकाणांपाशी येऊन थांबतात, असं माझं मत आहे.

या विषयावर लिहिलं गेलं ते मुख्यतः इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेत. त्या पुस्तकांतली उत्तरं चुकीची नाहीत, पण ती तिथल्या तळघरांना आणि तिथल्या दुकानांना धरून लिहिलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, शहागंजसारख्या भागात राहून हा छंद करणाऱ्याची परिस्थिती वेगळी असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार, पावसाळ्यात भिंतींना ओल, बारा महिने धूळ, आणि खोली दहा बाय बाराची. मात्र याच भागात सराफा आहे, घड्याळ दुरुस्त करणारे आहेत, कापडाची आणि हार्डवेअरची दुकानं आहेत. थोड्या अंतरावर चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत मायक्रॉनच्या भाषेत बोलणारे कारागीर आहेत. परदेशी कॅटलॉगमधल्या महागड्या डबीतलं बरंचसं औषध इथे पायी जाऊन आणता येतं. काही गोष्टी मात्र येत नाहीत, त्यांच्याबद्दलही पुढे बोलू.

महाराष्ट्रात हा छंद लोकांपुढे आणला पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. कोथरूडमधलं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे गाव आहे, सिग्नल आहेत, रोपवे आहे, सर्कस आहे आणि या सगळ्यांमधून धावणाऱ्या गाड्या आहेत. पाहणाऱ्यांचं लक्ष गाड्यांवर जातं. छंद करणाऱ्याने तिथे रुळांकडे पाहावं. प्रेक्षक समोर बसल्यावर गाडी मधेच अडून चालत नाही, आणि न अडणारी गाडी म्हणजे पडद्यामागे सतत चाललेली देखभाल.

आधी मापाचा प्रश्न, कारण तो पहिल्याच खरेदीला आडवा येतो. जगात सर्वाधिक चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं आणि ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला बरोबर बसतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणून १:८७ मधला भारतीय डबा बाजारच्या रुळावर ठेवला की वर रुंद अंग आणि खाली जवळ आलेले पाय दिसतात. बहुतेक जण याकडे काणाडोळा करतात आणि त्यात काही वावगं नाही. काही जण १९.३ मिलिमीटरचा रूळ हाताने टाकतात, पण मग प्रत्येक चाकजोडी, प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) स्वतःच बनवावा लागतो. तिसरा रस्ता फारसा कोणी चोखाळत नाही. रूळ १६.५ चाच ठेवायचा आणि माप १:१०० धरायचं. मग १६.५ मिलिमीटर म्हणजे १६५० होतात, खऱ्या अंतरापेक्षा जेमतेम दीड टक्का कमी. शिवाय १:१०० हे वास्तुविशारदांच्या प्रतिकृतींचं नेहमीचं माप आहे. माणसं, झाडं, मोटारी, दिव्याचे खांब त्यात तयार मिळतात. जो डबे स्वतः कापून-जोडून बनवणार आहे त्याने हा विचार जरूर करावा. तयार मॉडेल विकत घेणाऱ्याला मात्र १:८७ शिवाय गत्यंतर नाही.

जागेचं गणित याहून कठोर आहे. आयसीएफचा जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब, एलएचबीचा साडेतेवीस मीटर. १:८७ मध्ये ते अनुक्रमे साडेचोवीस आणि सत्तावीस सेंटिमीटर होतात. बाजारातल्या सुरुवातीच्या संचात जे वळण येतं त्याची त्रिज्या ३६-३७ सेंटिमीटर असते. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा, की वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या दुप्पट असेल तर गाडी कशीबशी जाते, अडीचपट असेल तर भरवशाने जाते, तिप्पट असेल तर बघवते. एलएचबीसाठी तिप्पट म्हणजे ८१ सेंटिमीटर. पूर्ण वर्तुळाला कडा धरून पावणेदोन मीटर रुंदीचं टेबल लागेल. दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवलं तर माणसाने उभं राहायचं कुठे? संचातल्या ३६ सेंटिमीटरच्या वळणावर एलएचबी चढवला की डब्याचं पोट आत घुसतं, टोक बाहेर फेकलं जातं, शेजारच्या रुळावरची गाडी त्याला अडते, आणि दोष मात्र कपलिंगला दिला जातो.

चढाचंही तसंच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये सुमारे ८ सेंटिमीटर उंची हवी. दोन टक्क्यांच्या चढाने ती गाठायला ४ मीटर रूळ लागतो. कसारा घाटात खरी रेल्वे १:३७ म्हणजे पावणेतीन टक्के चढते, आणि तिथेही तिला मागून ढकलणारी जादा इंजिनं लागत आली. ४५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरच चढ घेतला तर एका फेऱ्यात पावणेतीन मीटरच मिळतात, आणि वळणाचा विरोध धरला तर इंजिनाला तो चढ साडेचार टक्क्यांसारखा वाटतो. लहान खोलीत रुळावरून रूळ नेण्याचा मोह टाळलेला बरा.

माझा सल्ला विचाराल तर लहान जागेत गोल फेरी सोडून द्यावी. भिंतीलगत दीड मीटर लांब आणि फूटभर रुंद फळी पुरते. इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांनी मांडलेला ‘इंगलनूक’ नावाचा यार्ड जगभर प्रसिद्ध आहे. दोन सांधे, तीन मार्गिका. एकीवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. आठ वाघिणींपैकी पाच ठरावीक क्रमाने लावून गाडी तयार करायची, एवढाच खेळ. पण असे क्रम ६७२० निघतात. शंटिंग करणाऱ्या माणसाला काय डोकं लावावं लागत असेल ते या फळीवर कळतं. चार चाकांच्या छोट्या वाघिणी असल्याने वळणाचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडची बार्शी लाईट रेल्वेही अशा जागेला फार जवळची आहे. एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी उभारलेली आणि १८९७ ला सुरू झालेली ती रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर होतात, आणि एन मापाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. ब्रॉडगेजवाल्यांना न मिळणारी ही जुळणी नॅरोगेजवाल्यांना आयती मिळाली आहे.

आता विजेकडे. साध्या पद्धतीत एक रूळ म्हणजे एक तार, दुसरा रूळ म्हणजे दुसरी, मध्ये १२ व्होल्ट डीसी. चाकं ती वीज उचलतात. चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी, आणि रूळ एकमेकांना जोडणाऱ्या फिशप्लेटी म्हणजे दाबून बसवलेले पातळ पत्रे. नवीन असताना त्या घट्ट असतात. वर्षभरात त्यांच्यात धूळ शिरते, पृष्ठभाग काळवंडतो, रूळ उन्हाळ्या-हिवाळ्यात किंचित मागेपुढे होऊन पकड सैल करतात. गाडी ट्रान्सफॉर्मरपाशी जोरात धावते आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला रांगू लागते. हे लक्षण दिसलं की इंजिन उघडू नये.

तपासायची रीत सोपी आहे, फक्त मल्टिमीटरवर भोळा विश्वास टाकू नये. रिकाम्या रुळावर मल्टिमीटर सगळीकडे १२ व्होल्टच दाखवतो, कारण वीज वाहतच नसते. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणावा, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि त्या रुळांवर टेकवून मग मोजावं. पुरवठ्यापाशी १२, पलीकडच्या टोकाला साडेनऊ आले तर अडीच व्होल्ट वाटेत जोडांनी खाल्ले. मग बल्ब जोड ओलांडून पुढे-पुढे सरकवायचा. ज्या जोडावर आकडा एकदम पडतो तो गुन्हेगार.

उपाय असा, की वीज वाहून नेण्याचं काम फिशप्लेटींकडून काढूनच घ्यायचं. टेबलाखालून घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची जोडतार फिरवायची आणि दर मीटरभर अंतरावर तिच्यापासून बारीक तारा वर काढून प्रत्येक रुळाला सोल्डर करायच्या. फिशप्लेटीने मग रूळ सरळ रेषेत धरावा, बाकी काही करू नये.

हे सोल्डर करणंच नवख्याला जड जातं. प्लास्टिकचे स्लीपर वितळतात, रूळ वाकडा होतो. इथे सराफ्यातल्या कारागिराचं काम थोडा वेळ उभं राहून पाहावं. चांगल्या प्रतीचे रूळ ज्या धातूचे असतात तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. चांदी त्यात नावालाही नसते, आणि सराफ्यात पूजेच्या ताटांमुळे तो जर्मन सिल्व्हर म्हणून सगळ्यांना माहीत आहे. कारागीर डाग देताना तीन गोष्टी चुकवत नाही. जोडायची जागा आधी कानसेने घासून उजळ करतो, उष्णता भरपूर पण क्षणभरच देतो, आणि जिथे उष्णता पोचायला नको तिथे ओलं काहीतरी ठेवतो. रुळाला हेच लागू. बाहेरच्या अंगाला इंचाचा आठवा भाग घासायचा, तारेच्या टोकाला आधी सोल्डर चढवून घ्यायचं, दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, आणि चांगला तापलेला ४० ते ६० वॅटचा सोल्डरिंग गन एक-दोन सेकंद टेकवून उचलायचा. २५ वॅटचा गन दहा सेकंद टेकवला तर नासाडी ठरलेली. आतल्या अंगाला सोल्डर लागू द्यायचं नाही, तिथून चाकाची कड जाते. एक गोष्ट मात्र सराफ्यातून आणू नये. सोनाराचा टाकणखार सोल्डरच्या कमी उष्णतेला वितळतच नाही, आणि आम्लाची पेस्ट विजेच्या जोडाला वापरली तर तो जोड काही काळाने हिरवा पडून कुरतडला जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली राळेची फ्लक्सच हवी. रूळ कापायला मात्र सोनाराची बारीक पात्याची करवत आणि डोळ्याला लावायचं भिंग यांच्यासारखी हत्यारं नाहीत. हॅकसॉने कापलेल्या टोकाला जी झिलपी राहते ती पुढे वर्षभर चाकं पाडत राहते.

वळणावरचे जोड सोल्डर करून पक्के करावेत, नाहीतर तिथे कोन पडतो. सरळ मार्गावर मात्र व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट सोडावी. या फटींविषयी एक गैरसमज आहे. रूळ उन्हाने वाढतो म्हणून वाकतो, असं सगळे म्हणतात. पण तीन मीटर रूळ पंचवीस अंशांच्या फरकाने जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढतो. खरा त्रास लाकडाचा. आपल्याकडे जुलैतली ओल आणि एप्रिलमधली कोरडी हवा यांच्यात लाकूड कितीतरी जास्त फुगतं आणि आकसतं. एमडीएफ ओल खाऊन कायमचं फुगतं, परत येत नाही. म्हणून फळी मरिन प्लायची घ्यावी, खालच्या बाजूने आणि कडांनाही रंग द्यावा, आणि चौकट भिंतीला चिकटवू नये. जुन्या वाड्यात वाळवीची भीती असते तिथे सरळ लोखंडी अँगलची चौकट करावी.

पुरवठ्याबद्दल एक इशारा. सीसीटीव्ही आणि एलईडी पट्ट्यांमुळे १२ व्होल्टचे दहा-दहा अँपिअरचे एसएमपीएस स्वस्तात मिळतात. डबा घसरून रूळ शॉर्ट झाला तर असा पुरवठा सगळे दहा अँपिअर त्या एका चाकात ओततो. प्लास्टिक वितळतं, कधी पेट घेतं. खेळण्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जे संरक्षण असतं ते यात त्या तोडीचं नसतं. दोन अँपिअरचा फ्यूज तरी हवाच. त्यासोबत तोच इंडिकेटरचा बल्ब पुरवठ्याच्या एका तारेत मालिकेत जोडावा: गाडी नीट धावते तोवर तो अंधारा राहतो, शॉर्ट झाला की झगझगीत पेटतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. धोक्याचा दिवा आणि संरक्षण, दोन्ही थोडक्या पैशांत.

डिजिटल पद्धतीत, ज्याला डीसीसी म्हणतात, प्रत्येक इंजिनात चिप असते आणि रुळातूनच तिला हुकूम जातात. ही पद्धत खराब जोड जास्तच मनावर घेते. तिथे रुपयाच्या नाण्याची परीक्षा करावी. मार्गावर जागोजागी नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. प्रत्येक ठिकाणी बूस्टरने, म्हणजे रुळाला वीज पुरवणाऱ्या खोक्याने, ताबडतोब वीज तोडली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो तोडत नसेल तर तिथवरची तार अपुरी आहे, आणि पुढे कधीतरी तिथेच इंजिन जळेल.

रूळ साफ करण्याविषयी जितकी मतं तितके छंदिष्ट. पॉलिश पेपर मात्र कोणीही सुचवला तरी वापरू नये. त्याचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत पण त्यांत काजळी साठते आणि पुढच्या वेळी दुप्पट घासावं लागतं. काळा थर धुळीपेक्षा ठिणग्यांमुळे जास्त बनतो. चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या उडत असतात. मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल थर झटकन काढतं, पण हल्ली अनेक जाणकार सांगतात की ते वापरल्यावर थर पुन्हा लवकर येतो, आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन अधिक टिकतं. मला दुसरं मत पटतं. टर्पेंटाईनने भिजवलेल्या सुती चिंधीने पुसावं, कोरड्या चिंधीने पुन्हा पुसावं, खिडकी उघडी ठेवावी आणि वाफ जाईपर्यंत वीज सोडू नये. शेवटी रुळाच्या आतल्या काठावरून ६बी पेन्सिलीचा एक हलका हात फिरवावा. ग्रॅफाइटने ठिणग्या कमी होतात. चढावर तोही नको, चाकं घसरतात. प्लास्टिकची चाकं काजळी गोळा करून सगळीकडे पसरवतात, म्हणून हळूहळू सगळ्या डब्यांना धातूची चाकं बसवणं हा रूळ पुसण्यापेक्षा मोठा इलाज आहे.

झाकायला लोक जुनी सुती चादर टाकतात. तिचे तंतू रुळांवर पडतात, आसांना गुंडाळले जातात आणि गिअरपर्यंत पोचतात. पावसाळी जॅकेटांना लागतं ते पॅराशूट कापड घ्यावं. त्याचे तंतू सुटत नाहीत आणि धूळ आरपार जात नाही. तेल द्यायचं तर सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, आणि घड्याळवाल्याकडचं. शिलाई मशीनचं तेल पसरतं, रुळावर येतं, आणि काही प्लास्टिकना तडे पाडतं.

गाडी रुळावरून घसरते तेव्हा एक साधा नियम पाळावा. एकाच जागी सगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा जागोजागी घसरत असेल तर दोष डब्याचा. रुळाचा दोष बोटाने कळतो. डोळे मिटून नख जोडावरून फिरवलं की पायरी लागते. डब्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर. एचओला ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की चाक सांध्याच्या क्रॉसिंगमध्ये चढतं. हे पट्टीने मोजता येत नाही, व्हर्नियरच लागतो. या शहरात इंडो जर्मन टूल रूम आहे, घराघरात कोणी ना कोणी डाय-मोल्डच्या कामात आहे. पितळी तुकड्याचा ‘जाईल-जाणार नाही’ गेज बनवून घ्यायला इथल्याइतकी सोपी जागा नसेल. एकदा तो हातात आला की पन्नास चाकजोड्या तासाभरात तपासून होतात. दुसरी गोष्ट वजन. अमेरिकेच्या मॉडेल रेलरोड असोसिएशनचा हिशेब एचओला एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस असा आहे. साडेचोवीस सेंटिमीटरच्या आयसीएफ डब्याला त्यावरून १६५ ग्रॅम येतात, आणि बाजारातले बहुतेक डबे त्याहून हलके असतात. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची पाच-पाच ग्रॅमची चिकटणारी वजनं मिळतात, ती डब्याच्या तळाशी मध्यावर लावावीत. वर लावली तर डबा वळणावर कलंडतो. तिसरी, कपलिंगची उंची. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकाच गाडीत जोडायचे असतील तर आधी सगळ्यांची उंची एक करावी. इथे जुगाड चालत नाही.

सांधे हा वेगळाच अध्याय आहे. क्रॉसिंगचा मधला भाग प्लास्टिकचा असेल तर लहान इंजिन त्यावर येताच वीज हरवून थांबतं. लांब इंजिन पार होतं, म्हणून लोकांना इंजिन वाईट वाटतं. धातूच्या क्रॉसिंगचा सांधा घ्यावा आणि सांधा पडेल त्या बाजूची वीज क्रॉसिंगला देणारा मायक्रोस्विच त्याच्या हालचालीला जोडावा. सांधा हलवायला परदेशी सोलेनॉइड मोटार घेण्यापेक्षा रोबोटिक्सच्या किटमधला छोटा सर्व्हो आणि आर्डुइनो बोर्ड चांगले. सर्व्हो हळू हलतो, खऱ्या सांध्यासारखा, आणि जीभ तोडत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा कोणताही विद्यार्थी त्याचा प्रोग्राम लिहून देईल.

खडीबद्दल मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण इथे आपल्याकडे खरी गोष्ट आयती आहे. मराठवाड्यात रुळांखाली काळा बेसाल्ट असतो. खरी खडी पाच-सहा सेंटिमीटरची, म्हणजे १:८७ ला साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. क्रशरवरची बारीक कच आणावी, धुवावी, वाळवावी आणि दोन चाळण्यांतून काढावी. जाड राहील ती चहाच्या गाळणीत, पूड जाईल ती मैद्याच्या चाळणीतून, मधली आपली. परदेशी पिशवीतली करडी खडी आपल्या रुळाशेजारी कधीच खरी दिसत नाही. या काळ्या खडीवर गाडी उभी केली की मनमाड-जालना दरम्यानचं कुठलंही स्टेशन समोर येतं. मात्र आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक ते रुळावरून उचलतं आणि मोटार आतून घासली जाते. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुक्या खडीतून पुन्हापुन्हा फिरवावं. पिशवीवर काळी दाढी उगवायची थांबली की खडी वापरण्याजोगी. मग ती रुळांत पसरून, पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घालून फवारायची, आणि वर तिप्पट पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं. सांध्याच्या जिभेजवळ फेविकॉल गेलं तर सांधा गेला. तिथे रंगाच्या ब्रशने कोरडी खडीच लावावी.

आयातीचं कोडं सुटणारं नाही. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० ला २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ ला ७० टक्के झालं. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची खूण सक्तीची झाली. देशी खेळण्यांच्या उद्योगाला त्याने आधार मिळाला असेल, पण मोटार, गिअर आणि चाकं यांच्यासाठी बाहेरच पाहावं लागणाऱ्या छंदिष्टाला ते जड जातं. जुनी इंजिनं विकत घेणाऱ्यांनी तर आणखी एक रोग ओळखायला शिकावं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या काही इंजिनांचा जस्ताचा ओतीव सांगाडा शिशाच्या सूक्ष्म भेसळीमुळे आतून फुगतो, तडकतो आणि बिस्किटासारखा तुटतो. त्याला इलाज नाही. सांगाड्यावर वाकडेपणा किंवा केसासारख्या भेगा दिसल्या तर कितीही सुंदर असलं तरी ते इंजिन चालवण्यासाठी घेऊ नये.

आणि सर्वांत अवघड प्रश्न आपल्या घरचाच आहे. या भागाची रेल्वे म्हणजे निजामाच्या काळची हैदराबाद-गोदावरी व्हॅली, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज, १९०० च्या आसपास सुरू झालेली. १९९० च्या दशकात तिचा इथला भाग ब्रॉडगेज झाला. ज्यांनी तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनवर वायपी या वाफेच्या इंजिनामागे उभी असलेली अजंता एक्सप्रेस पाहिली, त्यांना टेबलावर तीच हवी असते, आणि तिचं तयार मॉडेल सहज हाती लागत नाही. तरी गणित प्रतिकूल नाही. मीटरगेज १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर होतं. टीटी मापाचा रूळ १२ मिलिमीटरचा, आणि स्वित्झर्लंडच्या मीटरगेज मॉडेलांसाठीही याच अंतराचे रूळ मिळतात. डबे त्रिमिती छपाईत किंवा पातळ स्टायरीनमध्ये होतात, बोगी टीटीच्या चालतात. वायडीएम-४ डिझेलसाठी टीटीची सहा आसांची कोणतीही चालू चेसिस लांबी कमी-जास्त करून वापरता येते.

वाफेच्या वायपीचं अंग कोणीही बनवेल. अडतं ते चाकांवर आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांवर. वायपीचं मोठं चाक १३७२ मिलिमीटरचं होतं, १:८७ ला १५.८ मिलिमीटर. जर्मनीच्या ०१ वर्गाच्या इंजिनाचं चाक २००० मिलिमीटरचं, आणि टीटीच्या १:१२० मध्ये ते १६.७ होतं. दोन्ही इंजिनं पॅसिफिक जातीची, म्हणजे पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. एका मिलिमीटरहून कमी फरक. वाळूजच्या लेथवर ती चाकं अर्धा-अर्धा मिलिमीटर उतरवता येतील, दांड्या सराफ्यातल्या करवतीने जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून कापता येतील. त्या दांड्यांची आणि चाकांमधल्या अंतराची मापं मात्र खऱ्या नकाशावरून घ्यावी लागतील. ते नकाशे आणि त्या इंजिनांचे बाजूने काढलेले फोटो अजून निवृत्त ड्रायव्हर आणि फिटर मंडळींच्या ट्रंकांमध्ये पडून असतील, तर ते आताच मागायला हवेत.